अर्धवट राहिलेलं इंजिन विकायचं कसं: जिप्सीच्या १.३ चा हिशोब

प्रश्न साताऱ्याहून आला आहे, थोडक्यात असा: मारुती जिप्सीचं १.३ लिटर, १६ व्हॉल्व्हचं इंजिन रॅलीसाठी बांधायला घेतलं होतं. ब्लॉक ७४.५० मिमीला बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करून, झाला. फोर्ज्ड (घडीव) पिस्टन, फोर्ज्ड रॉड, हेडचे स्टड आले. हेड पोर्ट करून (हवेच्या वाटा घासून मोठ्या करून) फेस मारून (खालचा पृष्ठभाग सपाट कापून) घेतलं. जास्त लिफ्टचा कॅम, मोठे इंजेक्टर, हलकं फ्लायव्हील, हेडर (धूर बाहेर नेणारे पाइप) आणि प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) खोक्यांत पडून आहे. इंजिन एकदाही चालू झालेलं नाही. दोन वर्षं काम थांबलंय आणि आता पुढे न्यायचं नाही. सुटं विकावं की एकगठ्ठा, भाव काय लावावा, फसवणूक कशी टाळावी?

आधी उत्तर सांगतो, मग कारणं. मालाचे तीन ढीग करा. जे कुणाच्याही १.३ ला बसेल ते सुटं विका. जे तुमच्याच ब्लॉकच्या किंवा हेडच्या मापाने घासलं-कापलं गेलंय ते एकत्रच विका. आणि जे एकदा आवळलं की संपतं ते विकूच नका. अर्धवट इंजिनात मोठं नुकसान होतं ते पडेल भावाने विकल्यामुळे कमी, आणि दुसऱ्या ढिगातला एखादा चांगला भाग घाईघाईने सुटा काढून दिल्यामुळे जास्त.

पिस्टनचंच बघा. या इंजिनाचा मूळ बोअर ७४.०० मिमी, स्ट्रोक ७५.५ मिमी, म्हणजे १२९८ सीसी. कंपनीचे ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे, पिस्टन ०.२५ आणि ०.५० मिमीचे असे दोनच. तुमचा ब्लॉक ७४.५० ला गेला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'ट्वेंटी' (इंचाच्या हजारात वीस) झाला आणि कंपनीच्या हिशोबाने शेवटच्या पायरीवर आला. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर. यापुढे बोअरला कंपनीची वाट नाही. आता या बोअरला होनिंग (दगडाने बारीक घासून अंतिम माप देणं) केलंय ते फोर्ज्ड पिस्टन धरून. कंपनीच्या ओतीव पिस्टनला बोअरमध्ये ०.०२ ते ०.०४ मिमी जागा, म्हणजे क्लिअरन्स, पुरते. फोर्ज्ड पिस्टन गरम झाला की जास्त फुगतो, म्हणून त्याला जास्त जागा ठेवतात. २६१८ या ॲल्युमिनियम मिश्रधातूचा असेल तर ०.०७ च्या आसपास किंवा थोडी अधिक, ४०३२ चा असेल तर त्याहून कमी. नेमका आकडा पिस्टनबरोबर आलेल्या कागदावर असतो.

आता हे पिस्टन कुणी सुटे मागायला आला तर ते सहज जातील. त्याच्याकडे ७४ चा ब्लॉक असेल, तो पिस्टन हातात धरून आपला ब्लॉक बोअर करून घेईल. पण मागे उरलेल्या तुमच्या ब्लॉकचं काय? त्यात कंपनीचा ०.५० चा पिस्टन टाकला तर जागा मापाबाहेर जाऊ शकते. तसं झालं तर थंडीत सुरू केल्यावर स्कर्ट (पिस्टनचा खालचा घेर) आपटतो, ऑइल जळतं. म्हणजे पिस्टन गेले की तो ब्लॉक पोरका झाला. त्याला भंगारापेक्षा थोडाच जास्त भाव येईल. म्हणून ब्लॉक, चार पिस्टन, पिन, रिंगा हा एकच माल समजा. रॉडही त्यातच घाला. फोर्ज्ड रॉडचं छोटं टोक बुशवालं असतं आणि ते बुश त्या पिनेला होन केलेलं असतं. 

हाच नियम पुढे लावत जा. क्रँक ग्राइंड झाला (घासून बारीक केला) असेल तर तो आणि त्या मापाच्या अंडरसाइज बेअरिंग एकत्र. ब्लॉक आणि क्रँक धरून ठेवणाऱ्या मेन कॅप तर कधीच वेगळ्या करू नका. कॅप जागेवर आवळूनच ते भोक कापलेलं असतं, दुसऱ्या ब्लॉकची कॅप त्यावर बसत नाही. रॉडची कॅपही त्याच रॉडची. रॉड आणि कॅपवरचे अंक जुळवा आणि हाताने बोल्ट लावून ठेवा. हेडवरच्या कॅम हाउसिंगचंही तसंच, ते क्रमांकासह हेडबरोबर जायला हवेत. कॅम नवाच असेल, एकदाही फिरला नसेल, तर तो सुटा जाऊ शकतो. चाललेला असता तर रॉकरांसकट द्यावा लागला असता, कारण दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासून बसलेले असतात.

पहिल्या ढिगात येणारं सामान: इंजेक्टर, ईसीयू, हेडर, फ्लायव्हील, न आवळलेले स्टड, कॅम. फ्लायव्हील सुटं देता येतं. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात ते सहसा स्वतंत्र, शून्यावर बॅलन्स केलेलं असतं. मात्र क्रँक, फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट एकत्र बांधून बॅलन्स केली असेल, तर तिन्हींवर खुणा असतील. तसं असेल तर गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा. हेडरच्या बाबतीत एक घोटाळा वारंवार होतो. जिप्सी आणि १६ व्हॉल्व्हची एमपीएफआय एस्टीम, दोन्हींत इंजिन एकाच घराण्यातलं. पण जिप्सीत ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं आणि एस्टीममध्ये रुंदीच्या दिशेने, आडवं. त्यामुळे हेडर, ऑइलचा संप (तळाची टाकी), माउंटिंग यांची जुळणी गृहीत धरू नका. जाहिरातीत 'जिप्सीचं आहे' एवढंच लिहा. 'एस्टीमलाही बसेल' असं बसवून बघितल्याशिवाय लिहू नका.

तिसरा ढीग लहान असतो, पण त्यावरून विक्रेत्याची नियत कळते. एकदा आवळलेली हेड गॅस्केट विकायची नाही. धातूच्या थरांची असली तरी तिचे उंचवटे दाबले गेलेले असतात. अंशांत फिरवून आवळायचे कंपनीचे बोल्ट, पिनेच्या तारेच्या लॉक रिंगा, खोक्यात वर्षानुवर्षं पडलेला टायमिंग बेल्ट, ऑइल सील हेही नाही. फुकटही देऊ नका, समोरचा बसवून मोकळा होतो. रॉडच्या चांगल्या बोल्टांचं वेगळं आहे. ते पुन्हा वापरता येतात, पण लांबी मोजूनच. नव्यातली मोकळी लांबी लिहून ठेवली असेल तर आज पुन्हा मोजा. कायमची वाढ ०.०२५ मिमी किंवा जास्त दिसली तर तो बोल्ट बाद. लांबी नोंदलेलीच नसेल तर जाहिरातीत 'आवळून सोडलेले, मूळ लांबीची नोंद नाही' असं लिहा. गिऱ्हाईक नवे बोल्ट घेईल, पण तुमच्यावर विश्वास ठेवेल.

जाहिरात टाकायच्या आधी सगळं सामान एका छताखाली आणा. अर्धवट कामात हेड एका मशीन शॉपमध्ये, क्रँक दुसरीकडे आणि ब्लॉक मेस्त्रीच्या शेडमध्ये, असं असतं. ज्याची मजुरी बाकी आहे ती आधी चुकती करा. माल दुसऱ्याच्या दारात असताना सौदा केला तर भाव तिथला माणूस ठरवतो. आणताना डॉवेल (जागा नेमकी जुळवणाऱ्या पिना), चाव्या, कॅपचे बोल्ट, व्हॉल्व्हचे कॉटर (छोटे लॉक) मोजून वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत भरा. पिशवीवर नाव लिहा. दहा रुपयांचं डॉवेल हरवलं की गिऱ्हाईक दहा हजार पाडून मागतो, कारण त्याला वाटतं अजून काय काय हरवलंय कोण जाणे.

आता मापं. न चाललेल्या इंजिनावर मशीन शॉपला दिलेली मजुरी परत मिळायची एकच वाट आहे: त्या कामाचं माप कागदावर असणं. आपल्या भागात यासाठी कुठे लांब जावं लागत नाही. साताऱ्यात १९२२ पासून कूपरचा कारखाना आहे, इंजिनं आणि ओतकाम बघितलेली माणसं गावात आहेत. मिरज, कुपवाड, कोल्हापूरकडे शिरोली आणि गोकुळ शिरगाव, सगळीकडे एमआयडीसीत टूलरूम आहेत. बोअर गेज आणि मायक्रोमीटर रोज वापरणारा माणूस अर्ध्या दिवसात सगळं मोजून देतो. आणि तुमचा गिऱ्हाईकही बहुधा याच पट्ट्यातला, त्यालाही मायक्रॉन कळतात. त्याला 'एकदम टकाटक' सांगून चालत नाही.

मोजताना तापमानाकडे लक्ष द्या. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ३८ अंशाला तापलेला पिस्टन, आणि गार खोलीतल्या कपाटातून काढलेला मायक्रोमीटर, अशी गाठ पडली तर पिस्टन २० अंशाच्या मानाने जवळपास ०.०३ मिमी मोठा दिसतो. तुमची सगळी क्लिअरन्स ०.०७ ची, म्हणजे चूक तिच्या निम्म्याच्या आसपास गेली. पिस्टन, ब्लॉक, मायक्रोमीटर आणि बोअर गेज रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि सकाळी ऊन चढायच्या आत मोजा. पिस्टन पिनेला काटकोनात मोजायचा, आणि कागदावर खालच्या कडेपासून जेवढी उंची दिली असेल तिथेच. स्कर्ट पिंपासारखा किंचित फुगीर असतो, उंची चुकली की आकडा चुकतो. बोअर वर, मध्ये, खाली अशा तीन उंचींवर मोजा, प्रत्येक ठिकाणी क्रँकच्या दिशेने आणि आडवं. एका सिलिंडरची सहा मापं झाली. ती सगळी लिहा. फक्त सरासरी लिहिलेली बघितली की जाणता माणूस विचारतो, ओव्हॅलिटी (बोअर किती लंबगोल आहे ते) कुठे गेली.

रिंगा फाइल करून बसवल्या असतील तर त्या ज्या बोअरच्या असतील त्याच क्रमांकाच्या पिशवीत ठेवा. साध्या इंजिनाला वरच्या रिंगेच्या दोन टोकांमधला गॅप बोअरच्या हजाराला चार, म्हणजे ७४.५० ला सुमारे ०.३० मिमी असतो. टर्बो लावायचा असेल तर तो ०.४१ ते ०.४५ पर्यंत ठेवतात. हा आकडा जाहिरातीत हवाच. ज्याला टर्बो लावायचाय तो गॅप वाढवून घेऊ शकतो. आधीच मोठा केलेला गॅप मात्र कुणाला कमी करता येत नाही.

हेडला तीन तपासण्या करा. सरळ पट्टी फेसवर उभी, आडवी, तिरपी ठेवून खालून फिलर गेज घाला. ०.०५ ची पात कुठे जाता कामा नये. मग व्हॉल्व्ह बंद असताना पोर्टांमध्ये रॉकेल ओता आणि दहा मिनिटं थांबा. चेंबरच्या बाजूला सीटभोवती ओल दिसली तर लॅपिंग (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) कच्चं आहे. तिसरी तपासणी चेंबरच्या घनफळाची. प्लग लावा, फेसवर ग्रीसने पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी चिकटवा, तिला एक भोक असू द्या, आणि मेडिकलमधल्या ५० मिलीच्या सिरिंजने रंगीत पाणी भरा. चारही चेंबर अर्ध्या सीसीच्या आत जुळले तर पोर्टिंग करणाऱ्याचा हात चांगला होता हे सिद्ध झालं, आणि त्याची मजुरी थोडीफार वसूल होते. हेडमधून किती फेस मारला तेही लिहा. ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात हेड खाली आलं की बेल्टच्या वाटेत फरक पडून कॅमचं टायमिंग मागे सरकतं. घेणाऱ्याला ॲडजस्टेबल पुली लागेल की नाही हे या एका आकड्यावरून कळतं.

कॅमला त्याचं कार्ड हवं: ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो), लिफ्ट (किती उघडतो), लोब सेंटर (कॅमच्या उंचवट्यांची जागा). कार्ड हरवलं असेल तर कॅम निम्म्या भावात जातो, मग तो कितीही कोरा असू दे. डायल आणि डिग्री चाक असलेल्या माणसाकडून निदान लोब लिफ्ट आणि १ मिमी लिफ्टवरची ड्युरेशन काढून घ्या. इंजेक्टरना मल्टिमीटर लावा. १२ ते १६ ओहम दाखवले तर हाय इम्पीडन्स (जास्त विद्युत रोधाचे), २ ते ५ दाखवले तर लो. लो इम्पीडन्सचे इंजेक्टर ईसीयूतल्या साध्या ड्रायव्हरवर (इंजेक्टर चालवणाऱ्या सर्किटवर) रेझिस्टर न लावता जोडले तर ईसीयूचा ड्रायव्हर जळतो. फ्लो बेंचवर ३ बारला चौघांचा प्रवाह काढून घ्या आणि छापील पट्टी बरोबर द्या. ईसीयू १२ व्होल्टच्या सप्लायवर लावून लॅपटॉपला जोडलेला दिसतोय असा व्हिडिओ काढा. पासवर्ड काढून टाका, लायसन्स नव्या मालकाच्या नावावर होतं की नाही ते आधीच तपासा. तुमचा कच्चा मॅप (पेट्रोल आणि स्पार्कचं कोष्टक) आत असेल तर पुसा. तो तसाच टाकून कुणी इंजिन चालवलं आणि मिश्रण लीन झालं (पेट्रोल कमी पडलं) तर पहिल्याच चढाला पिस्टन वितळेल.

पहिल्या जाहिरातीचा नमुना देतो. आकडे नमुन्याचे, तुमचे टाका:

'जिप्सी १.३, १६ व्हॉल्व्ह. ब्लॉक, फोर्ज्ड पिस्टन, रॉड संच, एकत्रच. इंजिन कधीही चालवलेलं नाही. पिस्टन एकदा जुळणीपुरते घालून काढले. बोअर १ ते ४: ७४.५००, ७४.५०२, ७४.५०१, ७४.५०३. पिस्टन: ७४.४३०, ७४.४३१, ७४.४३०, ७४.४३२. क्लिअरन्स ०.०७० ते ०.०७१. सहाही जागांची मापं असलेला कागद देणार. वरच्या रिंगेचा गॅप ०.३०, दुसरीचा ०.३५. ब्लॉक शेवटच्या ओव्हरसाइजवर आहे. ३ नंबरच्या बोअरमध्ये वरच्या कडेला हलका डाग, फोटो ५ बघा. पिस्टन-रॉडची मूळ बिलं आहेत. रॅली आणि ट्रॅकसाठी. माल साताऱ्यात. घेण्याआधी कुणालाही आणून मोजा.'

दोष जाहिरातीतच लिहिला आहे, तो मुद्दाम. तोच डाग गिऱ्हाइकाला समोर आल्यावर दिसला तर सौद्यातून पाच हजार जातात. आधी सांगितला तर तो भाव धरूनच येतो. फोटो सकाळच्या तिरप्या उजेडात काढा. मोबाइलच्या फ्लॅशमध्ये होनिंगच्या तिरक्या रेघा दिसत नाहीत आणि गंजाचा ठिपकाही लपतो. प्रत्येक फोटोत आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवा.

भावाचं गणित तुम्ही दोन वर्षांपूर्वी काय मोजलं यावर करू नका. तोच भाग आज मागवला तर किराया, कस्टम ड्युटी, कर धरून साताऱ्यात घरपोच किती पडेल, तो आकडा पायाला घ्या. रुपया घसरला असेल तर त्याचा फायदा तुम्हालाच मिळतो. सील न तोडलेला भाग त्या आकड्याच्या ७५ ते ८५ टक्क्यांना जातो. सील उघडलं पण बसवला नाही, तर ६५ ते ७५. बसवून काढलेला, न चाललेला, ५० ते ६५. मशीनवर चढवून मापात कापलेला भाग त्याहून खाली. मजुरी, कागद असेल तर जेमतेम निम्मी. कागद नसेल तर शून्य धरा.

समजण्यापुरतं उदाहरण: पिस्टन-रॉड आज घरपोच ९० हजार पडतात. उघडले, जुळणीपुरते घातले, मापं लिहिलेली आहेत, म्हणून वरच्या टोकाचे ६५ टक्के धरले तर ५८ हजार. चांगला मूळ मापाचा ब्लॉक १५ हजारांना मिळतो असं धरू. तुमचा शेवटच्या ओव्हरसाइजवर, म्हणून १०. बोअर-होनिंगची मजुरी १२ झाली होती, त्यातले ६. एकूण ७४ हजार. बोलायला ८० सांगा, मनात ७० ची रेघ ठेवा. घासाघीस होणारच, पण रेघ आधी ठरलेली असली की घाईत खाली घसरत नाही.

जे भाग इंजिनातून काढून कोपऱ्यात टाकलेत, त्यांच्याकडे बघा. मूळ ईसीयू, मूळ वायरिंग, स्टँडर्ड कॅम, मूळ इंजेक्टर, मूळ मॅनिफोल्ड. परफॉर्मन्सच्या मालाला गिऱ्हाईक मोजके असतात, पण आपली जुनी जिप्सी पूर्ववत चालावी असं वाटणारे खूप. हे सामान आठवड्याभरात जातं आणि पहिला पैसा हातात येतो. तो आला की मोठ्या मालाला धीर धरता येतो. मोठा माल मात्र रॅलीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी काढा. आणि ब्लॉक ७४.५० ला गेल्यावर इंजिन १२९८ वरून १३१६ सीसी झालं, हे रॅलीवाल्याला न विचारता सांगा. एफएमएससीआयच्या (मोटरस्पोर्टचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) त्याच्या वर्गात ओव्हरसाइज, फोर्ज्ड पिस्टन, पोर्ट केलेलं हेड चालतं की नाही, हे त्याने नियम वाचून ठरवायचं. स्क्रुटिनीत (स्पर्धेआधीच्या गाडीतपासणीत) बाद झाल्यावर तो तुमच्याच दारात येईल.

साठवणुकीचा एक प्रश्न इथे विचारला जातोच. साताऱ्याचा पावसाळा दमट, महाबळेश्वर-कोयनेच्या बाजूला तर विचारायलाच नको. होन केलेला बिडाचा बोअर कोरडा राहिला तर चार दिवसांत ठिपके धरतो. फवारणीचं पातळ तेल उडून जातं, ते संरक्षण नाही. गंजरोधक जाड तेल लावा, पांढऱ्या फडक्याने पुसून बघा, फडकं पांढरं राहीपर्यंत बोअर साफ करा आणि मग पुन्हा तेल. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल शोषून धातूला लावतो. ठिपका आत गेला असेल तर पुन्हा होन करावं लागतं आणि क्लिअरन्स ०.०१ ते ०.०२ ने वाढते. ती वाढलेली लिहा.

सांगलीच्या वाचकांसाठी वेगळं सांगतो. २००५, २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात खोकी पाण्याखाली गेली असतील, गावभागातल्या तळमजल्यावरची शेड असेल, तर ते लपवू नका. रॉड, क्रँक, हेड धुऊन, क्रॅक तपासून देता येतात. ईसीयू, बेअरिंग, टर्बो, इंजेक्टर यांत नदीचा बारीक गाळ गेलेला असतो. तो तेलाच्या वाटेत सुटला की पहिल्या तासात बेअरिंग जातं. हे भाग चालू म्हणून विकायचे नाहीत.

कागदांपैकी सगळ्यात नाजूक ब्लॉक, कारण त्यावर इंजिन नंबर असतो. तो नंबर तुमच्या आरसीवर आहे. गाडी ठेवायची आणि ब्लॉक विकायचा असेल तर आरसी आणि गाडी यांत फरक पडतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली इंजिन बदलाला नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते. गाडी एमएच ११ ची असेल तर सातारा, एमएच ५० ची असेल तर कराड, एमएच १० ची असेल तर सांगली आरटीओत आधी विचारा आणि मगच ब्लॉकचा इसार घ्या. शहाणा गिऱ्हाईक आरसीची प्रत आणि बिलं मागेल. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, त्यामुळे त्याचं मागणं रास्त आहे. इंजिन नंबर जाहिरातीच्या फोटोत झाका, समोरासमोर दाखवा. साध्या कागदावर पावती करा: भाग, क्रमांक, मापं, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. 'बसवण्याआधी तीन दिवसांत मोजून तफावत आढळली तर परत, बसवल्यावर नाही' ही ओळ त्यात हवी. दोघांनाही ती सोडवते.

पैशांबाबत दोनच गोष्टी. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. 'स्कॅन करा, पिन टाका, पैसे येतील' म्हणणारा चोर आहे, मग तो स्वतःला कुणीही म्हणवो. आणि पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत, स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये शिल्लक बघूनच माल सोडा. फसलात तर लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

पुणे-मुंबईला माल पाठवायचा असेल तर पॅकिंगवर एक संध्याकाळ घालवा. कॅम प्लंबिंगच्या दुकानातल्या ७५ किंवा ९० मिमीच्या पीव्हीसी पाइपमध्ये घाला, तेलकट कापड गुंडाळून, दोन्ही टोकांना टोपी. प्रत्येक पिस्टन वेगळ्या बबल रॅपमध्ये. रिंगांच्या खाचांच्या कडा एकमेकांवर आपटल्या तर तिथे पडलेली बारीक गाठ रिंग धरून ठेवते. हेड पाठवताना कॅम काढून ठेवा. कॅम बसलेला असला की काही व्हॉल्व्ह उघडे राहून फेसच्या बाहेर येतात आणि ट्रान्सपोर्टच्या पहिल्याच आपटीत वाकतात. फेसवर प्लायवूडचा तुकडा स्टडच्या भोकांतून बोल्टने आवळा. ब्लॉकच्या डेकलाही (हेड बसतं त्या सपाट बाजूलाही) तसंच. क्रँक लाकडी खोक्यात दोन मेन जर्नलवर टेकवून ठेवा, जर्नलला तेलकट कागद आणि वर प्लास्टिक. टर्बो असेल तर तेलाची आणि हवेची सगळी तोंडं बंद करा, आणि चाक फिरतंय हे दाखवायला कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तेलाशिवाय त्या वेगाने फिरलं की बेअरिंगवर रेघा पडतात.

तीन महिन्यांत एकगठ्ठा माल गेला नाही तर मग पिस्टन-रॉड सुटे करा, त्याआधी नाही. उरलेल्या ब्लॉकचे तेव्हा दोन रस्ते असतात. चांगल्या मशीन शॉपमध्ये जुने लायनर कापून नवे दाबून घेतले तर बोअर पुन्हा ७४.०० ला आणता येतो. चारही सिलिंडरची ती मजुरी आणि ७४ च्या चांगल्या ब्लॉकचा चालू भाव यांची तुलना करा. मजुरी निम्म्याच्या वर जात असेल तर ब्लॉक आहे तसा, मेन कॅप, डॉवेल आणि मापांच्या कागदासकट, एखाद्या इंजिन बांधणाऱ्या गॅरेजला द्या. त्याच्याकडे पुढेमागे ७४.५० चे फोर्ज्ड पिस्टन घेऊन कुणीतरी येतो, आणि तेव्हा त्याला तुमचा कागद लागतो.